कोल्हा काकडीला राजी, तारखेला मात्र पक्का

प्रकरण : इंदूरजवळच्या एका शेतातली कोल्ह्याची जोडी, 2021 ते 2024

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण आपण थोडक्यात समाधान मानणाऱ्या माणसासाठी वापरतो. पण ज्याने ती पहिल्यांदा म्हटली, त्याने कोल्हा जवळून पाहिलेला असणार. काकडी, बोरं, हरभऱ्याचे घाटे, मक्याचं कणीस, उंदीर, बेडूक, मेलेलं वासरू, कोंबडीची आतडी: कोल्ह्याला काहीही चालतं. मग जो प्राणी बारा महिने काही ना काही मिळवून खातो, त्याने पिल्लं वर्षातल्या एकाच ठरावीक दिवसांत का घालावीत? मी इंदूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. शिकवताना या प्रश्नाचं उत्तर मी पाठ्यपुस्तकातून देत असे. निवृत्तीनंतर ते शेताच्या बांधावर बसून तपासायची संधी मिळाली, त्याची ही हकिगत.

आमचं माहेरचं शेत सांवेर रस्त्यावर आहे, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. माळव्याची काळी जमीन. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू, थोडा हरभरा आणि लसूण. शेताच्या कडेने खान नदीला मिळणारा एक नाला जातो. त्याच्या दरडीवर घाणेरी आणि बोरीची गच्च जाळी आहे आणि तिच्याखाली कोल्ह्यांचं जुनं बीळ. माझे वडील होते तेव्हापासून तिथून कोल्हेकुई ऐकू येते. नाल्यापलीकडे अर्ध्या किलोमीटरवर मुरुमाचा एक सोडून दिलेला खड्डा आहे. त्यात काही वर्षं आसपासच्या चिकनच्या दुकानांतला कचरा रात्री आणून टाकला जात असे. पिसं, पाय, मुंडकी, आतडी. वारा फिरला की वास आमच्या ओट्यापर्यंत यायचा. दिवसा घारी आणि कुत्री, रात्री कोल्हे.

लसणाचे वाफे कोण उकरतं ते पाहायला भाच्याने 2020च्या हिवाळ्यात एक ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, आणला. त्याचा संशय रानडुकरावर होता. पहिल्याच आठवड्यात कॅमेऱ्यात आली ती डाव्या कानाला चीर असलेली एक कोल्हीण. तो मला फोनवर म्हणाला, “आत्या, तुझं गिऱ्हाईक सापडलं. आता कॅमेरा तूच सांभाळ.” मी तो बिळापासून साठ-सत्तर पावलांवर, त्यांच्या जाण्या-येण्याच्या पायवाटेवर लावला. बिळाच्या तोंडाशी लावायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, कारण माणसाचा वास लागला की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. चिरलेल्या कानामुळे मादी चारही वर्षं ओळखता आली. नराबद्दल तेवढी खात्री मी देत नाही.

आधी नोंदी सांगते. पिल्लं पायवाटेवर पहिल्यांदा दिसली ती 2021 मध्ये 22 एप्रिलला, 2022 मध्ये 19ला, 2023 मध्ये 25ला आणि 2024 मध्ये 20 एप्रिलला. कोल्ह्याची पिल्लं साधारण तीन आठवड्यांची झाली की बिळाबाहेर येऊ लागतात आणि गर्भ साठ ते त्रेसष्ट दिवसांचा असतो. उलटं मोजत गेलं तर जन्म मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, आणि माजावर येणं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या आगेमागे. चार वर्षांत फरक आठवड्याच्या आतला. पिल्लांची संख्या मात्र अशी: 5, 6, 2, 3. या चार आकड्यांवरच हे सगळं प्रकरण उभं आहे.

तारीख आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या कारणांनी ठरतात, हे मला वाचकाला पटवायचं आहे. “भरपूर खायला मिळालं म्हणून पिल्लं झाली” असं आपण सहज म्हणून टाकतो, त्यात या दोन्हींची सरमिसळ होते.

आधी तारखेकडे बघू. कुत्र्याच्या जातकुळीतल्या बहुतेक रानटी प्राण्यांची मादी वर्षातून एकदाच माजावर येते. ती संधी हुकली तर थेट पुढचं वर्ष. माजाची वेळ शरीराला कळते ती मुख्यतः दिवस-रात्रीच्या लांबीवरून. अंधारात मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवतं. रात्र मोठी तर ते जास्त वेळ, रात्र लहान तर कमी वेळ. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे, तरी जूनमधला सर्वांत मोठा दिवस आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस यांत सुमारे पावणेतीन तासांचा फरक पडतो. शरीराला खूण म्हणून एवढा पुरतो. संक्रांत होते, दिवस तीळ-तीळ मोठा होऊ लागतो आणि आमच्या नाल्यावर कोल्हेकुईचा सूर बदलतो. जोडी एकमेकांना धरून फिरू लागते, कॅमेऱ्यात दोघं एकामागोमाग येतात.

पण शरीराने नेमकी हीच तारीख का धरली, त्याचं उत्तर पुन्हा खाण्याकडेच जातं. जॉन बेकर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1938 मध्ये हा भेद नीट मांडला. एक असतं मूळ कारण, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्या दिवसांत जन्मलेली पिल्लं जगली ते दिवस. दुसरं असतं लगेचचं कारण, म्हणजे या वर्षी शरीराला ‘आता’ असं सांगणारी खूण. मूळ कारण अन्न, खूण उजेडाची. मादीला जानेवारीत एप्रिलचे उंदीर दिसत नसतात. त्यांचा अंदाज तिच्या पूर्वजांच्या जगण्या-मरण्यातून तिच्या शरीरात उतरलेला असतो.

माळव्याच्या शेतीच्या वर्षावर हे ताडून पाहिलं तर गणित लख्ख दिसतं. मार्चच्या उत्तरार्धात गहू कापला जातो. हिवाळाभर उभ्या पिकात पोसलेले उंदीर आणि घुशी एका रात्रीत उघड्यावर येतात. मादी बिळात पिल्लांना पाजत असते तेव्हा नराला आणि थोरल्या भावंडांना शिकार सोपी झालेली असते. आठ-दहा आठवड्यांनी, जूनमध्ये, पिल्लं अंगावरून सुटतात. तेव्हा मृगाचा पाऊस जवळ आलेला असतो: भुंगे, पंख फुटलेली वाळवी, बेडूक, झाडाखाली पडलेली जांभळं. शिकार न येणाऱ्या पोरांनाही ज्यावर पोट भरता येईल असं सगळं. पाजणं हा सस्तन मादीच्या आयुष्यातला सर्वांत महागडा काळ. घरच्या कुत्रीला भर दुधाच्या दिवसांत, पिल्लं किती आहेत त्याप्रमाणे, एरवीच्या दुप्पट ते चौपट खाणं लागतं. ते दिवस टंचाईत आले तर पिल्लंही जातात आणि आईही खंगते.

याच कारणाने एकाच माळरानावरचे दोन भाऊबंद वेगवेगळे महिने धरू शकतात. टांझानियातल्या सेरेन्गेटीत पॅट्रिशिया मोहलमन यांनी वर्षानुवर्षं दोन जातींचे कोल्हे पाहिले. काळ्या पाठीचे कोल्हे कोरड्या दिवसांत व्यायचे, कारण त्यांच्या झुडपी भागात तेव्हा गवती उंदीर मातलेले असत. शेजारच्या उघड्या मैदानावरचे सोनेरी कोल्हे पावसाळ्यात व्यायचे, कारण तेव्हा तिथे हरणांचे कळप येत आणि त्यांची पाडसं मिळत. (तिथल्या त्या सोनेरी कोल्ह्याला जनुकीय तपासणीनंतर, 2015 पासून, आपल्या कोल्ह्याहून वेगळी जात मानतात.) दोघांवर सूर्य तोच, पण कोणत्या दिवसाची खूण धरायची हे दोघांच्या पोटाने वेगवेगळं ठरवलं.

आता 2022. कमाल तापमानाची सरासरी पाहिली तर त्या वर्षीचा मार्च देशात 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. आमचा गहू भराभर पिकला, दाणा बारीक राहिला आणि कापणी नेहमीपेक्षा दहाएक दिवस आधी उरकली. म्हणजे उंदरांची पंगत दहा दिवस आधी वाढली गेली. पुढच्या वर्षी उलटं झालं. मार्च 2023 मध्ये अवकाळी पाऊस आणि गारा आल्या, गहू आडवा झाला, कापणी लांबली. दोन वर्षांतल्या कापणीत जवळजवळ तीन आठवड्यांचं अंतर पडलं. पिल्लांच्या दिसण्यात पडलं सहा दिवसांचं. अन्न पुढे-मागे झालं, तारीख जवळपास जागीच राहिली. एका बिळाच्या चार नोंदींवरून मोठा सिद्धांत मांडता येत नाही हे मी जाणते. पण उजेडाची खूण आणि अन्नाचा हंगाम यांची अशी ताटातूट इतकी स्पष्ट दिसणं हे माझ्यासाठी फार मोलाचं होतं. ऋतूच असे घसरू लागले तर उजेडावर चालणाऱ्या प्राण्याला त्यांच्यामागे लवकर सरकता येणार नाही, ही काळजी तेव्हापासून मनात आहे.

मग संख्या कशाने बदलली?

2022चा पावसाळा संपता संपता मुरुमाच्या खड्ड्यात कचरा टाकणं बंद झालं. दुकानांतून तो गाडीने उचलला जाऊ लागला आणि खड्ड्याच्या तोंडावर मातीचा ढीग घातला गेला. गावाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. माझ्या दृष्टीने एक प्रयोग आपोआप मांडला गेला होता: तीच मादी, तेच बीळ, तोच नाला, फक्त बारमाही ताट काढून घेतलेलं.

त्या हिवाळ्यातही मी विष्ठा गोळा केल्या. कोल्हा ती वाटेच्या मधोमध, दगडावर किंवा गवताच्या ठोंब्यावर ठेवतो, शोधावी लागत नाही. उन्हात वाळवून, तोंडाला फडकं बांधून आणि हातमोजे घालून मी त्या ओट्यावर जुन्या वर्तमानपत्रावर चिमट्याने सोडवत बसायची. आधीच्या दोन हिवाळ्यांत बहुतेकांमध्ये कोंबडीच्या पिसांचे देठ आणि पायांच्या खवल्या असत. 2023च्या जानेवारीतल्या विष्ठांत ते जवळपास नव्हतेच. बोराच्या आठळ्या होत्या, एकेका विष्ठेत दहा-बारा. हरभऱ्याची सालं होती. उंदराचा करड्या केसांचा पुंजका होता आणि त्यात अडकलेला, नखाएवढा एक जबडा. पुढचे दात नारिंगी, मागच्या दाढा अजून जागच्या जागी. एका विष्ठेत चपलेच्या रबराचा तुकडा निघाला. तो पाहून मला वाईट वाटलं. कॅमेऱ्यातल्या चित्रातही फरक होता. आदल्या जानेवारीत मादीचा पुठ्ठा गोल, शेपटी भरदार. या जानेवारीत चालताना कमरेची हाडं हलताना दिसायची.

शरीरात चरबी किती साठली आहे याची बातमी मेंदूला लेप्टिन या संप्रेरकाने मिळते. ते 1994 मध्ये सापडलं आणि पुनरुत्पादनाच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. चरबी कमी तर लेप्टिन कमी. तशा स्थितीत मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारा संदेश क्षीण पडतो, कमी बीजं पिकतात. फारच वाईट अवस्था असली तर मादी माजावर येतच नाही. गर्भ राहिल्यानंतरही काही गर्भ आतल्या आत विरून जाऊ शकतात. म्हणजे दार उघडायची वेळ उजेड सांगतो, आणि त्या वेळी दार किती उघडायचं, की उघडायचंच नाही, हे अंगावरची चरबी ठरवते. आर्क्टिक प्रदेशातल्या पांढऱ्या खोकडाचं हेच आहे. लेमिंग नावाचे उंदीर मातले की एका वेळी दहाहून जास्त पिल्लं, लेमिंग संपले की बहुतेक माद्या त्या वर्षी वीतच नाहीत. स्वीडनमध्ये हिवाळ्यात त्यांना खाणं पुरवून पाहिलं, तेव्हा विणाऱ्या माद्या वाढल्या.

आमच्या कोल्हिणीला 2023 मध्ये दोनच पिल्लं दिसली. इथे मी बराच काळ अडकले होते. टंचाई नेमकी कधी लागली: जानेवारीत, म्हणजे गर्भ राहण्याआधी, की एप्रिल-मेमध्ये, पाजताना? पाजताना लागली असती तर पिल्लं आधी जास्त दिसली असती आणि मग एकेक कमी होत गेली असती. तसं झालं नाही. पहिल्या दिवशी दोन, आणि जुलैत भर पावसात सोयाबीनच्या कडेला चिखल तुडवत जाणारीही दोनच. म्हणून मी असं मानते की हिशेब हिवाळ्यातच चुकता झाला होता. बिळातल्या पहिल्या तीन आठवड्यांत काही पिल्लं गेली असतील ही शक्यता उरते. ती या पद्धतीने तपासता येत नाही, आणि बीळ खणून पाहणं मला कधीही मान्य झालं नसतं.

एक गुंता आणखी आहे. कोल्ह्यांत आदल्या वर्षीची एक-दोन मुलं घरी थांबतात आणि धाकट्यांना खाणं आणून देतात. मोहलमन यांनी दाखवलं होतं की काळ्या पाठीच्या कोल्ह्यांत असे मदतनीस जितके जास्त, तितकी जगणारी पिल्लं जास्त. 2021 आणि 2022 मध्ये आमच्या जोडीबरोबर एक तरणा कोल्हा नेहमी दिसायचा. 2022च्या दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. ताट लहान झालं की घरातलं एक माणूस कमी होतं. त्यामुळे अन्नाचा थेट परिणाम किती आणि हात कमी झाल्याचा किती, हे मला वेगळं करता आलेलं नाही.

आणि ज्या आकड्याने मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं तो हा: पाऊस लागल्यावर, जुलैत, किती पिल्लं शिल्लक होती? 2021 मध्ये पाचातली तीन. 2022 मध्ये सहातली तीन. 2023 मध्ये दोनातली दोन. 2024 मध्ये तिनातली तीन. खड्ड्याच्या दिवसांत जन्म जास्त, पण पावसापर्यंत पोचणारी जवळपास तेवढीच. 2022च्या मे महिन्यात एक पिल्लू मान झटकत, डोळ्यांत चिपडं घेऊन वाटेवर गोल गोल फिरताना कॅमेऱ्यात आलं. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची लक्षणं अशीच असतात. तपासणी झाली नाही, त्यामुळे खात्रीने म्हणत नाही. पण खड्ड्यावर वीस-पंचवीस कुत्री आणि कोल्हे एकाच ढिगात तोंड घालत होते, आणि डिस्टेंपर, खरूज, रेबीज या रोगांना याहून सोयीची जागा नाही.

त्या कुत्र्यांवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लांडग्याची मादी वर्षातून एकदा माजावर येते, कुत्री सहा-सात महिन्यांनी. माणसाच्या उकिरड्याजवळ हजारो वर्षं राहून, पोटाची एकाच ऋतूशी बांधलेली गाठ सुटली ती अशी. तरी आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांची पिल्लं पावसाळा उलटल्यावर आणि हिवाळ्यातच जास्त दिसतात. गाठ सुटली, वळ राहिला.

मार्जारकुळाचं तंत्र वेगळं, आणि तेही याच शेतात पाहायला मिळालं. मार्च 2023 मध्ये आडव्या पडलेल्या गव्हात हार्वेस्टर चालू असताना रानमांजराची तीन पिल्लं सापडली, डोळे नुकते उघडलेली. मजुरांनी ती उचलून पोत्यावर ठेवली. मी पोचेपर्यंत दुपार झाली होती, एक मेलेलं होतं. उरलेली दोन आम्ही तिथेच, न कापलेल्या पट्ट्याच्या कडेला ठेवून सगळे लांब झालो. रात्री आई आली आणि एकेक करून मानेला धरून नेली. अशी पिल्लं वाचवायचा खरा उपाय बहुतेक वेळा हाच असतो, घरी नेऊन दूध पाजणं नव्हे. ती दोन पुढे पुन्हा दिसली नाहीत. पण सप्टेंबरमध्ये, सोयाबीन पिवळं पडत असताना, त्याच वाटेवर एक रानमांजर तीन लहान पिल्लं घेऊन आली. तीच होती की दुसरी, ते सांगता येणार नाही. मांजरीला वर्षातून एकदाच अशी अट नाही. पिल्लं गेली, अंगात जोर असला आणि उंदीर असले, तर ती काही आठवड्यांत पुन्हा माजावर येते. बीज सुटायलाही नराशी संग लागतो, त्यामुळे नर भेटलाच नाही तर बीज सहसा वाया जात नाही. म्हणून अन्न वाढलं की रानमांजराचे महिने पसरतात. कोल्ह्याचे पसरत नाहीत, फक्त कूस भरते किंवा रिकावते.

2023च्या मेमध्ये हाडं दिसणाऱ्या मादीचे फोटो मी घरी दाखवले, तेव्हा वहिनी म्हणाली, “वन्सं, रोज थोडे चिकनचे तुकडे टाकूया की तिच्यासाठी, आपल्याला काय जड आहे?” तिचा जीव खरंच तुटत होता. मी नाही म्हटलं. आधीच्या दोन वर्षांतल्या जुलैच्या आकड्यांमुळेच नाही म्हटलं. आपण टाकलेलं आधी कुत्री खातील, मग सगळे एका जागी जमतील, आणि पुढच्या जानेवारीत मादीचं शरीर आपल्या ताटाच्या भरवशावर सहा गर्भ धरेल. आपण मध्येच थांबलो तर? बोरं आणि उंदीर यांच्यावर तिला दोन झाली, आणि दोन्ही जगली.

भाच्याशी बोलणं जास्त कठीण होतं. खड्डा बंद झाल्यावर कोल्हे शेतात उंदीर जास्त धरतात हे त्याने पाहिलं होतं, पण घुशींनी गव्हाच्या ओंब्या बिळात ओढून नेलेल्याही पाहिल्या होत्या. त्याला फेब्रुवारीत ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकायच्या होत्या. हे विष उंदराच्या अंगात राहतं. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो आणि सहज पकडला जातो. फेब्रुवारी म्हणजे कोल्हिणीच्या पोटात पिल्लं असण्याचा महिना. मी त्याला तारखांची वही दाखवली. तो बराच वेळ पानं उलटत बसला. मग म्हणाला, “आत्या, मला तारीख दे. या तारखेपासून या तारखेपर्यंत काही टाकत नाही. पण त्याआधी मला मोकळीक हवी.” ठरलं ते असं: पेरणीआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बांध खणून बिळं मोडायची. विष टाकायचंच झालं तर त्याच दिवसांत, वड्या नाहीत, झिंक फॉस्फाइड, तेही बिळाच्या आत घालून वर माती लोटायची आणि मेलेले उंदीर रोज सकाळी वेचून पुरायचे. जानेवारी ते जून काहीही नाही. झिंक फॉस्फाइड धोक्याचं नाही असं मुळीच नाही, पण खाणाऱ्याच्या पोटातून पुढच्याच्या पोटात जाण्याचा त्याचा धोका या वड्यांपेक्षा कमी असतो.

2024चा गहू त्या ठरावाने काढला. नुकसान किती झालं ते भाच्याने त्याच्या वहीत लिहिलंय, आणि पुढच्या वर्षीही तारखा तशाच ठेवायला तो तयार आहे. चिरलेल्या कानाची मादी आता म्हातारी होत चालली आहे. 2024च्या पावसाळ्यानंतर तिच्यामागून पायवाटेवर एक तरुण मादी चालताना दिसते, त्या वर्षीच्या तिघांतलीच असावी. पुढच्या जानेवारीत दोघींपैकी कोण नराबरोबर फिरते ते पाहायला मी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आताच आणून ठेवल्या आहेत.